दिनविशेषाची यादी : तारीख लिहिण्याआधी ती कोणत्या पंचांगातली ते पाहा

रकानेवाले

मराठी साहित्यिकांच्या जयंत्या, स्मृतिदिन आणि महाराष्ट्राच्या इतिहासातल्या घटना यांची ३६६ दिवसांची यादी नव्याने बांधायला घेतली आहे. जालावर तयार याद्या ढीगभर आहेत, पण त्या एकमेकींवरून उतरवलेल्या, त्यामुळे एकीतली चूक दहा ठिकाणी दिसते आणि दहा ठिकाणी दिसते म्हणून खरी वाटू लागते. या धाग्यावर साचा आणि तपासणीची पद्धत ठरवू.

आधी साच्याबद्दल.

एका ओळीत एकच घटना. 'एका दिवसाला एक ओळ' असा तक्ता केला की १३ ऑगस्टला बालकवी (१८९०) आणि आचार्य अत्रे (१८९८) एकाच चौकटीत कोंबावे लागतात, आणि मग एकाचे साल दुसऱ्याला चिकटते.

दिवस, महिना आणि वर्ष यांना तीन वेगळे रकाने द्या, तिन्हींत साधे आकडे. तारखेचा तयार साचा वापरू नका. एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही, ती नुसता मजकूर होऊन बसते. शिवाय १९०० हे लीप वर्ष होते अशी त्याची समजूत आहे, ते नव्हते. आपली निम्मी यादी १९०० च्या आधीची.

भरताना आकडे इंग्रजी ठेवा, देवनागरी फक्त छापताना करा. देवनागरी आकड्यांना बरीच सॉफ्टवेअरं मजकूर समजतात आणि १ नंतर १०, ११, १२ लावून मग २ वर येतात.

क्रम लावायला महिना × १०० + दिवस असा एक रकाना. २७ फेब्रुवारी म्हणजे २२७, ८ नोव्हेंबर म्हणजे ११०८. २२९ साठीही जागा राहते. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे, त्यांना २८ ला ढकलायचं कारण नाही.

बाकी रकाने : मूळ मिती जशी सापडली तशी, वार, घटना, पुरावा, खात्री (अ सर्वांत पक्की, मग ब, क). 'मूळ मिती' हा रकाना बहुतेक याद्यांत नसतो. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ तिथेच आहे.

पंचांगपंत

साचा उत्तम. आता मितीबद्दल, कारण घोडं पेंड खातं ते तिथेच.

शालिवाहन शकावरून इसवी सन काढताना ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच. १ जानेवारी उलटली की ७९. पौष दोन्हीकडे पडू शकतो, माघ-फाल्गुन जवळजवळ कायम ७९ चेच. उदाहरणं :

शके १५९६ ज्येष्ठ, राज्याभिषेक : १५९६ + ७८ = १६७४.
शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शिवजन्म : १५५१ + ७९ = १६३०.
शके १६८२ पौष शुद्ध ८, पानिपत : १६८२ + ७९ = १७६१.

फाल्गुनाला ७८ मिळवून शिवजन्म १६२९ ला नेलेला पाहिला आहे. (शके १५४९ वैशाख शुद्ध २, म्हणजे १६२७, हा जुना पक्ष वेगळा. तो गणिताचा प्रश्न नाही, पुराव्याचा आहे. फाल्गुन वद्य तृतीयेला जेधे शकावलीचा, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींचा, आधार आहे.)

दुसरं, आपले महिने अमान्त (अमावास्येला संपणारे), उत्तरेचे पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारे). शुद्ध पक्षात फरक नाही. वद्य पक्षात आपला फाल्गुन तो त्यांचा चैत्र. हिंदी पुस्तकातून मिती उचलताना 'कृष्ण पक्ष' दिसला की थांबा आणि महिना एक मागे घ्या.

तिसरं, शासकीय कागदावरचं 'भारतीय सौर' हे राष्ट्रीय पंचांग. ते २२ मार्च १९५७ पासून सुरू झालं. त्यात चैत्र २२ मार्चला लागतो, लीप वर्षी २१ ला, आणि त्याला तिथीशी देणंघेणं नाही. 'सौर वैशाख ५' म्हणजे वैशाख शुद्ध पंचमी नव्हे.

मोडीमित्र

पंतांच्या यादीत अरबी सालाची भर. पेशवाईतल्या कागदांवर शकापेक्षा शुहूर सनच जास्त भेटतो, तोही अक्षरी : 'इहिदे सीतैन मया अलफ'. उलटं वाचायचं : अलफ १०००, मया १००, सीतैन ६०, इहिदे १, म्हणजे ११६१. हे साल मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीस बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत ११६१ + ६०० = १७६१, बरोबर.

चुका ठरलेल्या आहेत. सबा म्हणजे ७, सबैन म्हणजे ७०. सीत ६, सीतैन ६०. मया १००, मयातैन २००. घाईत शेपूट गाळलं की पत्र पिढीभर सरकतं.

आणि एक सापळा : अशा कागदावर तारीख 'छ ११ जमादिलावल' अशी असते ('छ' म्हणजे चंद्र). महिना मुसलमानी चांद्र, साल मात्र शुहूर. ते साल हिजरी समजून रूपांतर केलं की बारातेरा वर्षांचा फरक पडतो. १७६१ चा जानेवारी शुहूर ११६१ मध्ये आहे आणि हिजरी ११७४ मध्ये.

ताईंची_वही

माझा प्रश्न साधा आहे. तुकाराम महाराजांच्या वैकुंठगमनाची तारीख एका यादीत ९ मार्च १६५०, दुसरीत १९ मार्च १६५०. तिथी दोन्हीकडे फाल्गुन वद्य द्वितीयाच. छापखान्यातला एक गळला का?

पंचांगपंत

ताई, एक गळलेला नाही, दोन्ही बरोबर आहेत. ९ मार्च ज्युलियन (युरोपचं जुनं पंचांग), १९ मार्च ग्रेगोरियन (आज वापरतो ते). दिवस एकच.

दोन पद्धतींतला फरक असा : १५८२ च्या ऑक्टोबरपासून १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० दिवस, पुढे १८०० पर्यंत ११, १९०० पर्यंत १२, त्यानंतर १३. इंग्रजांनी ग्रेगोरियन पद्धत सप्टेंबर १७५२ मध्ये घेतली. त्यांच्याकडे २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली. त्यामुळे सुरत-मुंबईच्या वखारीचे सतराव्या शतकातले कागद ज्युलियन, आणि आपल्या इतिहासकारांनी शिवकालासाठी तीच पद्धत रूढ केली. १९ फेब्रुवारी १६३०, ६ जून १६७४, ३ एप्रिल १६८० या सगळ्या ज्युलियन. पानिपतची १४ जानेवारी १७६१ मात्र ग्रेगोरियन. हा बदल यादीत कुठेच लिहिलेला नसतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं एकाच मापाने मोजलंय.

पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच ग्रेगोरियन स्वीकारली. म्हणून गोव्याचे, वसईचे कागद इंग्रजी कागदांपेक्षा पुढे चालतात. १७३९ च्या मे महिन्यात वसईला पोर्तुगीजांनी शरणागतीचा करार केला, तो पोर्तुगीज हिशेबाने १६ मेचा, इंग्रजी हिशेबाने ५ मेचा. दोन तारखा पाहून 'आधी तह, मग ताबा' अशी गोष्ट रचणारे भेटतात.

साहित्यातलं प्रसिद्ध उदाहरण २३ एप्रिल १६१६ चं. शेक्सपिअर आणि सर्वान्तेस एकाच दिवशी गेले म्हणतात. स्पेनची २३ एप्रिल ग्रेगोरियन (आणि ती सर्वान्तेसच्या दफनाची, मृत्यू २२ चा), इंग्लंडची ज्युलियन. मधे दहा दिवस.

धोपटमार्गी

मग शिवजयंती १ मार्चला करायची का? :)

पंचांगपंत

नाही. रूढ तारीख रूढच राहू द्या, फक्त शेजारी 'ज्यु.' लिहा. यादीचं काम नोंदीचं आहे, निवाड्याचं नाही.

पण १ मार्चचा उपयोग वार तपासायला होतो. ग्रेगोरियन पंचांग ४०० वर्षांनी जसंच्या तसं फिरून येतं, कारण ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात आणि त्याला ७ ने पूर्ण भाग जातो. तेव्हा १ मार्च १६३० चा वार हवा असेल तर मोबाइलमध्ये १ मार्च २०३० उघडा : शुक्रवार. जेधे शकावली म्हणते शुक्रवार. जुळलं. कृती एवढीच : ज्युलियन तारखेत १० मिळवा, वर्षात ४०० मिळवा, वार पाहा. वार जुळला नाही तर तारीख, तिथी किंवा वाचन, यातलं काहीतरी एक चुकलं आहे.

मोडीमित्र

याच पद्धतीने राज्याभिषेक तपासा, गंमत दिसेल. ६ जून १६७४ अधिक १० म्हणजे १६ जून. १६ जून २०७४ ला शनिवार आहे. जेधे शकावलीत मात्र ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, 'तीन घटिका रात्र उरली' तेव्हा सिंहासनारोहण.

मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं. सूर्योदयाला सव्वा तास बाकी, म्हणून पंचांगाचा शुक्रवार चालूच होता आणि इंग्रजी तारीख शनिवारची लागली होती. तिथीचंही तेच. दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाच्या तिथीचं, म्हणून नोंदीत द्वादशी. प्रत्यक्षात त्या वेळी त्रयोदशी लागलेली होती, म्हणून उत्सव त्रयोदशीचा.

तेव्हा मध्यरात्र ते सूर्योदय या वेळेतल्या घटनेला वार एकाने मागे निघाला तर लगेच नोंद बाद करू नका. आधी वेळ शोधा.

रकानेवाले

साच्यात दोन रकाने वाढवतो : 'पद्धत' (ज्यु. / ग्रे.) आणि 'वेळ, कळली असल्यास'.

इंग्रजी कागदांबद्दल आणखी एक. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला लागे. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांवर मागचं साल असतं, किंवा १६६३/४ असं जोडसाल. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण वखारीच्या कागदावर १६६३ दिसेल. त्याला 'मतभेद' म्हणायचं नाही.

ताईंची_वही

आता साहित्यिकांकडे वळू या का? तिथे तर पंचांगाचा प्रश्न नसावा, सगळे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले. एक माधव ज्युलियन सोडले तर. (तेही २१ जानेवारी १८९४, ग्रेगोरियनच!)

तरी दुहेरी तारखा निघतातच. केशवसुत : १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६. वि. स. खांडेकर : ११ जानेवारी १८९८ आणि १९ जानेवारी १८९८. बाळशास्त्री जांभेकर : ६ जानेवारी १८१२ आणि २० फेब्रुवारी १८१२. बहिणाबाई चौधरी : २४ ऑगस्ट १८८० आणि ११ ऑगस्ट १८८०.

धोपटमार्गी

जांभेकरांचं लगेच संशयास्पद वाटतं. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, पत्रकार दिन त्यावरूनच. संस्थापकाचा जन्मही नेमका ६ जानेवारीचा? पत्राची तारीख माणसाच्या रकान्यात सांडली असावी. अशी सांडलवंड ओळखायची खूण : ज्या दिवशी त्या माणसाच्या नावाने दुसरं काही साजरं होतं, तोच त्याचा जन्मदिन म्हणून आला की दोनदा पाहायचं.

पंचांगपंत

बहिणाबाईंचं उत्तर आकाशात आहे. त्यांचा जन्म नागपंचमीचा, असं सर्वत्र सांगतात, आणि त्याच वाक्यात पुढे '२४ ऑगस्ट १८८०' असं लिहितात. दोन्ही एकत्र बसत नाहीत.

७ जुलै १८८० ला सूर्यग्रहण होतं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या नक्की. एका चांद्रमासाचे २९.५३ दिवस मिळवले की पुढची अमावास्या ६ ऑगस्ट. तिथून श्रावण शुद्ध पंचमी येते १०-११ ऑगस्टला. २४ ऑगस्ट हा पौर्णिमा उलटून गेल्यानंतरचा दिवस, वद्य पक्षातला. नागपंचमीची आठवण खरी धरली तर ११ ऑगस्ट जुळते, २४ जुळत नाही. घरात सण लक्षात राहतो, इंग्रजी तारीख मागाहून कोणीतरी काढतो, म्हणून अशा वेळी मी सणावर भरवसा ठेवीन.

ही युक्ती कोणत्याही सणाच्या जन्माला चालते : रामनवमी, गोकुळाष्टमी, दत्तजयंती. ग्रहणाची तारीख हाताशी नसेल तर जंत्री, म्हणजे जुन्या तिथी-तारखांची कोष्टकं. शिवकालासाठी खरे जंत्री, पुढच्या कागदांना मोडक जंत्री, आणि इसवी ७०० ते १७९९ पर्यंत स्वामिकन्नू पिल्लै यांचे कोष्टकांचे खंड.

ताईंची_वही

मग २४ ऑगस्टला होणाऱ्या कार्यक्रमांचं काय?

पंचांगपंत

कार्यक्रम होऊ देत. यादीत ११ ऑगस्टखाली मुख्य नोंद, खात्री 'ब', आणि २४ ऑगस्टखाली 'रूढ तारीख, ११ ऑगस्ट पाहा' अशी दुसरी ओळ. केशवसुत आणि खांडेकर यांना असा खगोली साक्षीदार नाही. तिथे दोन्ही तारखा, दोन्हींना 'क'. जन्मतारखेची चर्चा केलेलं चरित्र हाती लागेपर्यंत एकही पुसू नका.

फ्रीमाँटकर

संतांबद्दल एक सुचवणं : तिथीच मुख्य ठेवा, तारीख कंसातही नको. तुकाराम बीज, एकनाथ षष्ठी, दासनवमी हे दिवस तिथीनेच जगतात आणि दर वर्षी इंग्रजी तारखेला सरकतात. अधिक मास आला तर उत्सव निज मासात. यादीत त्यांचा वेगळा तक्ता करा, दर गुढीपाडव्याला त्या वर्षाच्या तारखा भरा.

आणि नोंदी आपोआप प्रसिद्ध होणार असतील तर वेळ भारतीय ठेवा. भारतातली मध्यरात्र म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे आदल्या दिवशीचे १८:३०. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर पु.लं.ची ८ नोव्हेंबरची नोंद भारतात पहाटे साडेपाचला उगवेल. इकडे कॅलिफोर्नियात भारतीय मध्यरात्रीला ७ नोव्हेंबरच्या सकाळचे साडेदहा असतात. म्हणून नोंदीत 'आज' लिहू नका, तारीख लिहा.

धोपटमार्गी

शब्दांबद्दलही ठरवा. जिवंत लेखकाची 'जयंती' घालणारे महाभाग आहेत. हयात असेल तर वाढदिवस किंवा जन्मदिन. 'पुण्यतिथी' म्हणायचं तर तिथी हवी, इंग्रजी तारखेला 'स्मृतिदिन' बरा.

२७ फेब्रुवारी (कुसुमाग्रज, १९१२) हा मराठी भाषा गौरव दिन. त्याला 'राजभाषा दिन' म्हणू नका, तो १ मे. २१ फेब्रुवारी आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. अभिजात दर्जाचा केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ चा. चारही नोंदी वेगळ्या, एकीचं छायाचित्र दुसरीला लावू नये.

रकानेवाले

आकडेमोडीचंही. 'कितवी' जयंती म्हणजे साधी वजाबाकी : १९१९ चे पु.ल., २०१९ मध्ये शंभरावी. पण जन्मशताब्दी *वर्ष* त्याआधी एक वर्ष सुरू होतं, ८ नोव्हेंबर २०१८ ला. गदिमा (१ ऑक्टोबर १९१९) आणि सुधीर फडके (२५ जुलै १९१९) यांच्या बाबतीतही तेच. राज्याभिषेकाचा ३५० वा सोहळा २ जून २०२३ ला तिथीने झाला तेव्हा २०२३ − १६७४ = ३४९ म्हणून वाद झाले. मूळ दिवस पहिला धरला की तो ३५० वा दिन, आणि ३५० वर्षं पूर्ण झाली २०२४ ला. नोंदीत 'वा' की 'पूर्ण' ते स्पष्ट लिहायचं.

घटनेचंही नाव नेमकं हवं. 'राजा हरिश्चंद्र, पहिलं प्रदर्शन' म्हटलं तर २१ एप्रिल १९१३ (निमंत्रितांसाठी) की ३ मे १९१३ (जनतेसाठी)? दोन्ही ओळी घ्याव्यात. तसंच 'मराठा' २ जानेवारी १८८१, 'केसरी' ४ जानेवारी १८८१. 'टिळकांची वृत्तपत्रं सुरू' अशी एकच ओळ करू नये.

ताईंची_वही

मृत्यूच्या तारखेत एक दिवसाचा फरक आला तर वर्तमानपत्र पाहावं. बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात येते आणि उतरवणारा अंकाची तारीख घेतो. बातमीतलं 'काल रात्री' वाचायचं राहून जातं.

गर्दीच्या दिवसांचीही काळजी घ्या. ११ जून साने गुरुजी (१९५०), १२ जून पु.ल. (२०००), १३ जून अत्रे (१९६९), सलग तीन स्मृतिदिन. एक ओळ सरकली की तिघेही चुकतात. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्याच दिवशी अण्णा भाऊ साठे जन्मले, तिथे 'जन्म' आणि 'मृत्यू' हे शब्द ओळीत पूर्ण लिहा, तारा-फुलीच्या खुणा नकोत. १० मार्चला सावित्रीबाई (१८९७) आणि कुसुमाग्रज (१९९९), दोन्ही मृत्यू.

मोडीमित्र

१ जूनलाही गाळणी लावा. शाळा जूनमध्ये सुरू होत, आणि नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर १ जून टाकून मोकळे. त्या एका तारखेला जन्मलेल्यांची संख्या पाहिली तर अख्खा महाराष्ट्र त्याच दिवशी जन्मला असं वाटेल. ग्रामीण लेखकांच्या बाबतीत जास्तच.

रकानेवाले

लावली. १ जूनच्या सगळ्या जन्मनोंदी दुसरा पुरावा मिळेपर्यंत 'क'. शाळेचा दाखला हा एकच आधार असेल तर पुराव्याच्या रकान्यात तसंच लिहायचं.

सुधारलेल्या पहिल्या तीन ओळी, पाहून घ्या :

३०९ | ९ मार्च १६५० | ज्यु. | शके १५७१ फाल्गुन वद्य २ | तुकाराम महाराज, वैकुंठगमन | ग्रे. १९ मार्च, तिथीच्या तक्त्यातही | ब

६०६ | ६ जून १६७४ | ज्यु. | शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १२ (सूर्योदयाची), शुक्रवार, तीन घटका रात्र उरता | राज्याभिषेक, रायगड | ग्रे. १६ जून, शनिवार | अ

८११ | ११ ऑगस्ट १८८० | ग्रे. | नागपंचमी | बहिणाबाई चौधरी, जन्म, आसोदे | रूढ तारीख २४ ऑगस्ट | ब

पंचांगपंत

पहिल्या ओळीत वार राहिला. १९ मार्च २०५० उघडा आणि भरा.

रकानेवाले

शनिवार. भरला.